चष्मेवाल्यांचा जुना कॉम्प्युटर आणि न वाजणारी घंटा

बाजाराच्या वळणावर एक दुकान आहे. दार एकच, पाट्या मात्र दोन. डावीकडच्या पाटीवर दोन टपोरे डोळे, उजवीकडच्या पाटीवर एक कान. रंगाऱ्याने डोळे काढताना जीव ओतला होता. कानाची पाळी आली तेव्हा त्याला जेवायला जायची घाई झाली असावी, कारण तो कान कमी आणि शिंपला जास्त दिसतो. डोळ्यांच्या बाजूला बसतात चष्मेवाले. कानाच्या बाजूला बसतात त्यांच्या सौभाग्यवती, ज्यांना अख्खी गल्ली कानवाल्या बाई म्हणते. ते लोकांचे नंबर काढून चष्मे करून देतात. त्या लोकांना काचेच्या छोट्या खोलीत बसवून कान तपासतात आणि कानामागे लावायची मशीनं देतात. दोघांचं एकमेकांवाचून अडतं. चष्मा घ्यायला आलेल्या म्हाताऱ्याला दोनदा हाक मारावी लागली की चष्मेवाले त्याला हळूच पलीकडच्या खुर्चीकडे वळवतात, आणि कान दाखवायला आलेल्या आजीबाई टेबलावरच्या पंख्याला ‘काय रे बाळा’ म्हणाल्या की बाई त्यांना अलीकडे पाठवतात.

ह्या दुकानात एक नियम आहे, आणि तो पाटीवर लिहिलेला नाही. घरच्या माणसाला खुर्चीत बसवायचं नाही.

हा नियम झाला लग्नानंतर लगेचच. चष्मेवाल्यांनी हौसेने नव्या नवरीचे डोळे तपासले आणि बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “हिला लांबचं नीट दिसत नाही. म्हणून तर मला होकार दिला!” बाक खदखदून हसला. नवरी हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला आपल्या काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, सगळी तपासणी रीतसर केली आणि त्याच बाकाला निकाल ऐकवला, “कान उत्तम आहेत. ऐकत नाहीत, तो आजार वेगळा.” बाक पुन्हा हसला. त्या रात्री घरात तह झाला, आणि तेव्हापासून दोघांनी एकमेकांच्या खुर्चीकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. बाईंना चष्मा लागला तेव्हा त्यांनी आपलं आपण काचा बदलून बदलून जमवून घेतलं. जगाला मात्र दोघंही बजावत असतात: दरवर्षी तपासून घ्या हं, अंगावर काढू नका.

घर दुकानाच्या वर. मागच्या खोलीत, खिडकीला लागून, एक कॉम्प्युटर आहे. तो घेतला तेव्हा पांढरा होता. आता जुन्या दातांच्या रंगाचा झालाय. मॉनिटर कसला, पोट सुटलेला पेटारा! उचलायला दोन माणसं लागतात आणि ठेवल्यावर तिसरं माणूस टेबलाचे पाय धरतं. हा कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांची मुलगी एवढीशी होती. तिला घरात पिपाणी म्हणत, कारण जन्मल्यापासून तिने कुठलीच गोष्ट हळू आवाजात सांगितली नव्हती. बापलेकींचा आवडता खेळ एकच, पाणबुड्याचा. पडद्यावरचा ठेंगणा पाणबुड्या समुद्राच्या तळाशी उतरतो, गुहा ओलांडतो, मोठ्या मोठ्या माशांना चुकवतो आणि शेवटी बुडालेल्या महालात शिरतो. पिपाणी कीबोर्डावर, चष्मेवाले शेजारी स्टुलावर. त्यांचं काम सूचना द्यायचं. ‘डावीकडे! मासा! अगं मासा!’ एवढ्या एका वाक्यावर त्यांनी लेकीच्या शाळेची कितीतरी वर्षं काढली.

शेवटचा महाल मात्र राहिला. तिथे पोचून दोन-चारदा हरले होते, तेवढ्यात कॉम्प्युटर आधी मुका झाला आणि मग आंधळा. पुढे परीक्षा आल्या, वसतिगृह आलं, नोकरी आली. कॉम्प्युटरवर चादर आली. चादरीवर बाई इस्त्रीचे कपडे ठेवू लागल्या.

आणि एके दिवशी पिपाणीचा फोन आला. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका जहाजावर तिला काम मिळालं होतं. जायच्या आधी थोडे दिवस घरी येणार होती.

“बाबा, ऐका! महाल राहिलाय आपला. खऱ्या पाण्यात जायच्या आधी तो संपवायचा. कॉम्प्युटर आहे ना?”

“आहे म्हणजे? राजासारखा आहे!”

“तोच हवा हं. मोबाइलवर त्याची नक्कल मिळते, ती मी बघितली, त्यात मजा नाही. तेच चित्र, तोच आवाज. तुम्ही स्टुलावर.”

“झालाच म्हणून समज,” चष्मेवाले म्हणाले. फोन ठेवला आणि रुमालाने कपाळ पुसलं. लेक पुन्हा कधी किनाऱ्याला लागेल ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. आता दिलेला शब्द खाली पडू द्यायचा नव्हता.

चादर निघाली, इस्त्रीचे कपडे खुर्चीवर गेले, त्यावरून दोन शब्द झाले. कॅबिनेटचं झाकण काढलं तर आत कोळ्याचा भरला संसार. धुळीचा थर असा, की बी टाकलं असतं तर उगवलं असतं. चष्मेवाल्यांनी काचा पुसायच्या मऊ ब्रशने सगळं लख्ख केलं आणि बटण दाबलं. पंखा घरघरला. पडदा काळा. आणि आतून आवाज आला: एक लांबलचक ‘पींऽऽऽ’ आणि मागून दोन आखूड ‘पिक्‌ पिक्‌’.

चष्मेवाल्यांचा चेहरा उजळला. “बोलला!”

“रडला म्हणा,” बाई दारातून म्हणाल्या.

“अगं, पडद्यावर काही दाखवता येत नाही तेव्हा तो असा बोलतो. एक लांब, दोन आखूड, म्हणजे ग्राफिक्स कार्ड सापडत नाहीये त्याला. चित्र पडद्यावर पाठवणारी पट्टी असते ना, ती.”

“माणसापेक्षा बरा. निदान कुठे दुखतंय ते तरी सांगतो.”

कार्ड खाचेतून जरासं वर आलं होतं, एवढंच. ते उपसून काढलं तर खालचे सोनेरी दात काळवंडलेले. चष्मेवाल्यांनी शाळकरी खोडरबर घेतलं आणि दात घासायला बसले, अगदी नातवंडाचे घासावेत तसे. परत खाचेत दाबलं, चष्म्याच्या पेचकसाने स्क्रू पिळला, बटण दाबलं. ‘पिक्‌’! एकच, आखूड, आनंदी. पडद्यावर अक्षरं उमटली.

चष्मेवाल्यांनी जी आरोळी ठोकली ती खाली दुकानात ऐकू गेली. खाली पोस्टमास्तर खुर्चीत बसले होते, तपासणीची जाडजूड फ्रेम नाकावर, तीत एकावर एक काचा. चष्मेवाले ‘आलोच’ म्हणून त्यांना तसंच सोडून वर आले होते, हे ते साफ विसरले होते. आरोळी ऐकून पोस्टमास्तर त्याच अवतारात जिना चाचपडत वर आले आणि दारात उभे राहून म्हणाले, “काय झालं? मला इथे दोन दोन बायका दिसतायत.”

“नशीबवान आहात. आमच्याकडे एकीलाच जागा पुरत नाही,” चष्मेवाले म्हणाले. ह्या वाक्याबद्दल त्यांना संध्याकाळचा चहा मिळाला नाही.

आवाजाचा घोळ जरा निराळा होता. साउंड कार्ड जागच्या जागी, दात चकचकीत, तरी खेळ मुका. जुन्या कॉम्प्युटरांत अशी रीत, की प्रत्येक भागाला मुख्य डोक्याचं लक्ष वेधायला एक नंबर लागतो. वर्गात हात वर करावा तसा. दोघांनी एकच नंबर धरला तर एकाचं ऐकलं जातं आणि दुसरा गप्प बसतो. साउंड कार्डाने धरला होता सात, आणि प्रिंटरच्या जोडणीनेही सातच. प्रिंटर कधीच भंगारात गेला होता, पण त्याची जोडणी सातावर ठाण मांडून बसली होती.

“म्हणजे तुमच्या थोरल्या आत्याबाईंसारखं,” बाई म्हणाल्या. “स्वतः बोलायच्या नाहीत, दुसऱ्याला बोलू द्यायच्या नाहीत.”

कार्डावर तांदळाएवढी प्लॅस्टिकची टोपी असते, जंपर म्हणतात तिला. चष्म्याचे स्क्रू धरायच्या चिमट्याने चष्मेवाल्यांनी ती उचलली आणि पाचावर बसवली. खेळालाही सांगितलं, बाबा रे, आता पाचावर हाक मार. आणि स्पीकरमधून पाणबुड्याचं ते जुनं स्वागताचं संगीत टिंगटिंगत बाहेर पडलं. चष्मेवाले स्टुलावर बसूनच नाचले. तसं नाचणं अवघड असतं, पण जमलं त्यांना.

बंद करून पुन्हा चालू केला की कॉम्प्युटर सगळं विसरायचा, तारीखसुद्धा जुन्या काळातली दाखवायचा. त्याच्या आतला सेल संपला होता. चष्मेवाल्यांनी बाईंच्या खणातला कानाच्या मशीनचा सेल पळवून बघितला. तो एवढासा, की बसवायच्या जागेत हरवला आणि चिमट्याने शोधून काढावा लागला. शेवटी घड्याळवाल्याने योग्य तो दिला. आता सगळं सुरळीत होतं. पिपाणीने कधीकाळी महालाच्या दारात जपून ठेवलेला खेळसुद्धा तसाच होता. रंगीत तालीम करावी म्हणून चष्मेवाल्यांनी बाईंना शेजारी बसवलं आणि पाणबुड्याला महालात सोडलं.

ह्या महालाची खुबी अशी. आत अंधार. पाणबुड्याचा श्वास संपत आला की कुठेतरी हवेचा बुडबुडा असतो, आणि त्याच्या जवळ गेलं की एक बारीक घंटा वाजते. पुढे दरवाजे येतात. ज्याच्या माथ्यावर निळा दगड, तो उघडायचा. राखी दगडाच्या दारामागे अष्टपाद, म्हणजे आठ हातांचा ऑक्टोपस, बसलेला असतो, आणि तो कुणाचं ऐकून घेत नाही.

चष्मेवाले पाणबुड्याला इकडून तिकडे फिरवू लागले. “घंटा वाजत नाहीये.”

“वाजतेय की,” बाई म्हणाल्या.

“कुठे वाजतेय? बाकी सगळं वाजतंय. घंटा नाही.”

“अहो, वाजतेय! इतकी किणकिणतेय.”

चष्मेवाल्यांनी बायकोकडे दयार्द्र नजरेने पाहिलं. बिचारीला ह्या खेळातलं काय कळणार? आपण उठावं म्हणून वाजतेय म्हणते. तोवर पाणबुड्या गुदमरून गेला होता. पुढच्या खेपेला बाईंनी कीबोर्ड घेतला. हवा बरोबर सापडली, दारांपाशी आल्या आणि थबकल्या.

“सगळे दगड राखीच आहेत.”

“तो निळा आहे ना डावीकडचा!”

“तो निळा? हा असा निळा? सगळा पडदाच पिवळट पडलाय तुमचा, चहा सांडल्यासारखा. लेकीला हेच दाखवणार?”

“अगं निळाशार आहे!”

“तुम्हाला तुमच्या डब्यात खोट दिसेल तर शपथ.” बाईंनी दार उघडलं. अष्टपाद.

आता इथे कुणीही शहाण्या माणसाने काय केलं असतं? पण नवरा-बायको एकमेकांसमोर असले की शहाणपण पहिल्यांदा जिना उतरतं. चष्मेवाल्यांनी विचार केला: घंटेबद्दल ती खोटं बोलते, मला बरं वाटावं म्हणून, पण रंगांचं तिला कळतं, गिऱ्हाइकांच्या फ्रेमचे रंग तीच तर निवडते. म्हणजे साउंड कार्डाचा बारीक आवाज गेलाय आणि ग्राफिक्स कार्डाचा निळा. दोन्ही बदलायला हवीत. आणि बाईंनी विचार केला: दगडाबद्दल हे खोटं बोलतात, हट्टी म्हणून, पण ह्या खेळाचा आवाज ह्यांच्या कानात बसलाय, ते नाही म्हणतात म्हणजे काहीतरी कमी असेलच. आपल्याला जुनी घंटा कुठे ठाऊक!

जुन्या सामानाचं गोदाम बाजाराच्या टोकाला होतं. गोदामवाला वजनावर घ्यायचा आणि जिभेवर विकायचा. “घ्या साहेब, हे कार्ड म्हणजे वाघ आहे वाघ!” एवढंच त्याचं तंत्रज्ञान. व्यवहार रोकडा नव्हता. कार्डाच्या बदल्यात चष्मा. पहिल्या साउंड कार्डावर गोदामवाल्याने स्वतःचा वाचायचा चष्मा करून घेतला. घंटा वाजली नाही. दुसऱ्या कार्डावर त्याच्या बायकोने सोनेरी काड्यांचा घेतला. घंटा वाजली नाही. पहिल्या ग्राफिक्स कार्डावर सासूबाईंना चष्मा लागला. दगड राखीच राहिले. मेव्हण्याचे डोळे चांगले होते, तर त्याने उन्हाचा काळा घेतला. होता होता गोदामवाल्याच्या घरात पाळलेला पोपट तेवढा उघड्या डोळ्यांचा राहिला.

मधल्या काळात चष्मेवाल्यांनी काय नाही केलं! स्पीकरमध्ये चुंबक असतं, ते पडद्याचे रंग बिघडवतं, म्हणून स्पीकर कपाटावर नेऊन ठेवले. असं चुंबकाने बिघडलेलं चित्र सुधारायचं मॉनिटरचं खास बटण दाबून पाहिलं, ‘घम्म’ करून चित्राने ओल्या कुत्र्यासारखं अंग झटकलं आणि परत होतं तसंच उभं राहिलं. वायरच्या टोकाच्या पिनांपैकी निळ्या रंगाची पीन वाकली असेल म्हणून सरळ पिना आणखी सरळ करायला गेले, त्यात एक खरंच वाकली आणि दुपारभर सगळा समुद्र लाल दिसला. स्पीकर उघडून त्यांचे कागदी पडदे फुंकून पाहिले. दर खेपेला तोच संवाद.

“आता वाजली?”

“वाजतेय. आधीपण वाजत होती.”

“आता निळा?”

“नाही. आधीपण नव्हता.”

पिपाणी यायच्या आदल्या दुपारी चष्मेवाले कार्डांच्या ढिगाऱ्यात बसले होते. दुकानात गेलेच नव्हते. बाई चहा घेऊन आल्या आणि इस्त्रीचे कपडे बाजूला सारून शेजारी टेकल्या.

“अहो, पोरगी तुम्हाला भेटायला येतेय. डब्याला नाही.”

“मला भेटायला येते तेव्हा मी ह्या डब्याशेजारीच असतो ना,” चष्मेवाले म्हणाले. “एरवी काय बोलतो आम्ही? जेवलीस का, पोचलीस का. इथे बसलो की मी नुसता मासा मासा ओरडतो आणि तिला सगळं कळतं.”

बाईंनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि ढिगाऱ्यातलं एक कार्ड पदराने पुसून बाजूला ठेवलं.

पिपाणी आली ती दाराबाहेरूनच ऐकू आली. पाठीवर बोचकं, पायात मातीचे बूट, आल्या आल्या आईला उचलून गिरकी. मग थेट मागच्या खोलीत. “अरे वा! चालू आहे?”

“चालू आहे,” चष्मेवाले खाली बघत म्हणाले. “पण, पिपाणे, जसा होता तसा नाही गं. घंटा गेली. आणि निळा रंग. फार प्रयत्न केले मी.”

“बघू तरी.”

ती बसली. चष्मेवाले गुन्हेगारासारखे स्टुलावर टेकले. बाई मागे. पाणबुड्या महालात शिरला, श्वास कमी होऊ लागला, आणि पिपाणीने दोन्ही हात कानांवर नेले.

“आई गं! केवढी वाजते! स्पीकर हळू करा ना कुणीतरी!”

“काय वाजतं?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

“घंटा!”

“बघा,” बाई म्हणाल्या. “मी कधीची सांगतेय.”

पिपाणी पुढे निघाली. दारं आली. “आणि निळ्याला काय झालंय? चांगला निळाशार तर आहे, डावीकडचा.”

“बघ!” आता चष्मेवाले म्हणाले. “मी कधीचा सांग…”

वाक्य अर्ध्यावर राहिलं. चष्मेवाल्यांनी मान वळवली आणि बायकोच्या डोळ्यांत पाहिलं, पण नवऱ्यासारखं नाही, दुकानात बघतात तसं, किंचित पुढे झुकून. त्याच वेळी बाई मान तिरकी करून नवऱ्याच्या कानाकडे बघत होत्या.

“खाली चला,” पिपाणी म्हणाली.

“आपल्याकडे नियम आहे…”

“आई, खाली. बाबा, तुम्हीपण. नियम गेला समुद्रात!”

दुपारची वेळ, दुकानात गर्दी. पोस्टमास्तर नवा चष्मा न्यायला आलेले, गोदामवाल्याच्या सासूबाई काड्या सैल करून घ्यायला. पिपाणीने वडिलांना काचेच्या खोलीत ढकललं, हेडफोन चढवले आणि बाक श्वास रोखून बघू लागला. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. चष्मेवाले खटाखट दाबत होते. बाईंना जरा शंका आली. बघतात तर हे महाशय काचेतून त्यांच्या हाताकडे बघून दाबतायत!

“तोंड फिरवा भिंतीकडे.”

“मी नुसता…”

“फिरवा!”

तोंड फिरलं आणि बटण गप्प झालं. जाड आवाज सगळे आले. बारीक आले की चष्मेवाले भिंतीकडे बघत तस्सेच बसलेले, शहाण्या मुलासारखे. बाईंनी यंत्र थांबवलं. त्यांनी कितीकांना हा निकाल हसत सांगितला होता. आज त्यांनी आधी आकडे दोनदा तपासून पाहिले. मग काचेवर टकटक करून म्हणाल्या, “अहो. बारीक आवाज गेलेत तुमचे. पक्ष्यांचे, घंटांचे. हळूहळू गेले असणार.”

“आणि तू इतके दिवस खरं बोलत होतीस?”

“मी लग्नापासून खरं बोलतेय.”

मग बाई चष्मेवाल्यांच्या खुर्चीत बसल्या. चष्मेवाल्यांनी बॅटरी लावली, भिंग धरलं, एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला. बाकावर लोक एकमेकांना कोपरखळ्या मारत होते, आता काहीतरी टोला येणार म्हणून वाट बघत. चष्मेवाले अगदी हळू म्हणाले, “मोतीबिंदू आहे गं. दोन्हीकडे. पिवळी काच लावून बघतेस तू सगळं. साधं ऑपरेशन असतं, मी येईन बरोबर.” आणि खिशातला रुमाल काढून त्यांनी बायकोचा चष्मा पुसून दिला. तो स्वच्छच होता.

बाकाला ही शांतता सोसवेना. “तरीच!” पोस्टमास्तर ओरडले. “तरीच आमच्या मुख्याध्यापकांना बाईंनी जांभळी फ्रेम दिली! तपकिरी म्हणून! ते वर्षभर घालून फिरतायत!”

“त्यांना शोभते ती,” बाई ठामपणे म्हणाल्या.

“आणि चष्मेवाल्यांचा टीव्ही!” समोरचा शिंपी दारातून म्हणाला. “मी माझा विकून टाकला. बातम्या मला मशीनवर बसल्या बसल्या ऐकू येतात. आता काय करू?” हसण्यात सगळ्यांत वरचा आवाज चष्मेवाल्यांचा होता.

संध्याकाळी बाईंनी नवऱ्याच्या कानामागे मशीन बसवलं, सेल घातला, आवाज जुळवला. चष्मेवाले वर निघाले आणि जिन्यातच थांबले. “ही पायरी वाजते?” मग खोलीत. “हा पंखा एवढा घरघरतो? आणि ही आतली टिकटिक कसली? बिघाड आहे!” कार्डं काढायला ते पेचकस शोधू लागले, तेव्हा पिपाणीने त्यांना खांदे धरून स्टुलावर बसवलं.

पाणबुड्या महालात शिरला. श्वास कमी झाला. आणि चष्मेवाल्यांना ती ऐकू आली: बारीक, लखलखीत, दुरून येणारी. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

“बाबा! दगड! दगड सांगा!”

“थांब गं, पुन्हा वाजव ना.”

अष्टपाद.

पुन्हा. ह्या खेपेला चष्मेवाल्यांनी एका दमात ‘घंटा, डावीकडे, मासा, निळा, नाही तो नव्हे’ असं सगळंच सांगितलं आणि पिपाणीने गोंधळून पाणबुड्याला छतावर आपटलं. शेवटी मागून बाई म्हणाल्या, “तुम्ही दोघं एकदम ओरडू नका. अहो, तुम्ही फक्त दगड बघा. घंटा मी सांगते. आणि तू तोंड बंद ठेवून बोटं चालव.”

असा तिघांचा पाणबुड्या निघाला. “घंटा, उजवीकडे… जवळ… घे हवा,” बाई. “मधला! मधला निळा!” चष्मेवाले. पिपाणी तोंड बंद ठेवून, म्हणजे तिच्या मानाने बंद ठेवून. दार, मग दार, मग एक अरुंद बोळ, त्यात मासा, आणि तिथे चष्मेवाल्यांना राहवलं नाही: “अगं मासा!” ती झुकली, मासा वरून गेला, शेवटचं दार उघडलं. महालाचं छत बाजूला झालं, पाण्यातून उजेड खाली आला आणि ठेंगणा पाणबुड्या हळूहळू वर जाऊन सपाट निळ्या समुद्रावर डोकं काढून हात हलवू लागला. स्पीकरमधून टिंगटिंग संगीत.

पिपाणीने किंचाळून खुर्ची उलटी पाडली. चष्मेवाले नव्या मशीनचा कान दाबून धरत, तरी हसत, तिच्याभोवती उड्या मारू लागले. समोरच्या खिडकीतून शिंप्याने विचारलं, “संपला का एकदाचा?” आणि उत्तराची वाट न बघता टाळ्या वाजवल्या.

“मी आजवर हा खेळ एकदाही नीट खेळले नाही,” गडबड शमल्यावर बाई म्हणाल्या. “सरका दोघं. मला पहिल्या पायरीपासून लावून द्या.”

पिपाणीने लावून दिला. बाईंनी पदर खोचला, कीबोर्डावर सगळी बोटं एकदम ठेवली आणि पाणबुड्याला पहिल्याच खेपेला तोंडावर वाळूत रोवलं. मग त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या. पाणबुड्याबद्दल, त्याच्या आईबद्दल आणि ज्याने हा डबा घरात आणला त्याच्याबद्दल. इतक्या वर्षांत असलं काही चष्मेवाल्यांच्या कानावर आलं नव्हतं. त्यांनी कानामागे हात नेला, मशीनचा आवाज हळूच वाढवला आणि स्टूल बायकोच्या आणखी जवळ ओढलं.